घरकुलाचा अंतर्भाग आणि गोंदियाचा रचनाकार

शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा उत्तम श्रेणीत उत्तीर्ण झालेली, कागदावर खोलीचा नकाशा काढताना खिडकी कोठे असावी याचा आपणहून विचार करणारी आमगावची वा तिरोड्याची एखादी मुलगी जेव्हा इंटिरियर डिझायनर होण्याचे मनात आणते, तेव्हा तिची पावले स्वाभाविकपणेच मुंबई–हावडा लोहमार्गावरील गाडीकडे वळतात. गोंदियाहून सुमारे १३० किलोमीटरांवरील नागपुरात पदविका, त्यानंतर पुण्यात किंवा मुंबईत एखाद्या ज्येष्ठाच्या कार्यालयात दोन-तीन वर्षांची उमेदवारी, आणि अखेरीस एखाद्या उपनगरातील सदनिकांचे कृत्रिम छत व स्वयंपाकघराची कपाटे, असा हा मार्ग आता जवळजवळ ठरून गेला आहे. या मार्गाविषयी माझी तक्रार नाही; विद्या जेथे मिळेल तेथे जावे हे उचितच. परंतु ज्या जिल्ह्याने तिला डोळे दिले त्या जिल्ह्याच्या घरांना तिच्या विद्येचा काडीइतकाही उपयोग होऊ नये, ही अवस्था मला असह्य वाटते.

या व्यवसायाची घडण तशी अलीकडची. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने वास्तुविशारदाला नोंदणी दिली, त्या पदवीचा वापर कोणी करावा हे ठरवून दिले. अंतर्गृहरचनाकाराला मात्र अशी कोणतीही शासकीय सनद आजतागायत नाही. त्याच सुमारास मुंबईत या व्यावसायिकांची स्वतःची संस्था उभी राहिली, हे खरे. तरीही ज्याच्या हाती सनद नाही त्याची पत त्याच्या कामावरूनच ठरते, आणि मोबदला बहुधा कामाच्या एकूण खर्चाच्या टक्केवारीने ठरत असल्यामुळे त्याची दृष्टी मोठ्या खर्चाच्या घरांकडेच खिळून राहते. यात व्यक्तीचा दोष नाही. व्यवस्थाच तशी आहे.

या मुलीचा मार्ग कसा असावा याचा विचार करताना मला वारंवार द. ग. गोडसे यांचे स्मरण होते. १९१४ साली जन्मलेल्या, नागपूरच्या परिसरात विद्यार्थिदशा घालवलेल्या या कलावंताने लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिक्षण घेतले, आणि पुढे मराठी रंगभूमीच्या नेपथ्याला गंभीर कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली. नेपथ्य ही एका परीने अंतर्गृहरचनाच. फरक इतकाच की तेथे राहणारी माणसे तीन तासांची असतात. रंगमंचावरील खांब, पायरी किंवा चौकट ही शोभेची वस्तू नसून त्या नाटकातील माणसांच्या वावराची गरज आहे, या जाणिवेने त्यांचे काम घडले. आणि ‘पोत’ या आपल्या ग्रंथात त्यांनी महाराष्ट्राच्या कलेचा विचार येथील भूमी आणि जीवन यांच्याशी सांधून मांडला. विलायतेत शिकून आलेला माणूस आपल्या मातीचा पोत अधिक सूक्ष्मतेने पाहू शकतो, हे त्यांच्या चरित्राने सिद्ध केले आहे. गोंदियाहून मुंबईला गेलेल्या मुलीनेही तेच करावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

आता गोंदियाच्या या झाडीपट्टीतील जुने घर पाहू. मालगुजारांचे सागवानी खांबांचे वाडे तूर्त बाजूला ठेवू; ते थोडे होते आणि उरले त्याहून थोडे. सामान्य शेतकऱ्याचे घर म्हणजे जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, समोर ओसरी, आणि सणासुदीला पांढऱ्या छुईने पोतलेला दर्शनी भाग. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असता त्या ओसरीत दुपार काढता येत असे, कारण भिंत ऊन सावकाश आत घेई आणि कवेलूंच्या फटींतून तप्त वारा वर निघून जाई. भिंतीतच कोनाडा, कोनाड्यात चिमणी. आढ्याखाली आडव्या बांबूवर गोधड्या. एका अंगाला धान साठवण्याची ढोली. लाकडी कपाट नावाची वस्तूच नव्हती आणि तिची उणीवही नव्हती. मात्र या घराचे गोडवे गाणाऱ्यांनी त्याचे कष्टही पाहावेत: वानरांनी फोडलेली कवेलू, पावसाळ्यापूर्वी दरवर्षी ती फेरण्याचा खर्च, फाट्यांना लागणारी उधळी, आणि सारवण्यापोतण्याचे न संपणारे काम, जे सर्वस्वी घरातील स्त्रियांच्या माथी पडे. लोकांना पक्के घर हवेसे वाटले यात नवल ते काय?

ते पक्के घर आता प्रधानमंत्री आवास योजनेच्या रूपाने गावोगाव उभे राहत आहे. २०१६ पासून अंमलात आलेल्या या योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट क्षेत्र धरले आहे. सपाट प्रदेशासाठी साहाय्य १ लाख २० हजार रुपये, आणि शिवाय रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी. शासनाने भिंती दिल्या, छप्पर दिले, आणि हे उपकार लहान नाहीत. परंतु या चार भिंतींच्या आत पाच माणसे, धानाचे कट्टे, गॅसची टाकी आणि तिच्या शेजारी पाणी तापवण्यासाठी राखलेली चूल, मुलीची दहावीची पुस्तके, सायकल आणि पावसाळ्यात आत घ्यावी लागणारी शेळी हे सारे कसे मावावे, याचा विचार कोणत्याही दप्तरात होत नाही. विटांची पातळ भिंत आणि वर पत्रा किंवा स्लॅब, अशा खोलीत उन्हाळ्याच्या रात्री झोप येत नाही. मग घराबाहेर जुन्याच पद्धतीचा मांडव उभा राहतो आणि नवे घर कोठीच्या कामाला लागते. जागा कमी असेल तेथेच रचनाकाराच्या बुद्धीची खरी आवश्यकता असते. तीन हजार चौरस फुटांच्या बंगल्यात चूक झाली तर एक कोपरा वाया जातो; येथे चूक झाली तर मूल अभ्यासाला बसू शकत नाही.

साधने दूर नाहीत. येथील रानात मानवेल आणि कटांग हे बांबू आहेत, आणि तट्टे, सुपे, टोपल्या विणणारे बुरूड कारागीर आहेत, ज्यांच्या बोटांना असलेले ज्ञान कोणत्याही पदविकेत शिकवले जात नाही. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून विणलेला तट्टा बसवला आणि त्यावर माती-चुन्याचा हात फिरवला, तर मधली हवा उष्णता अडवते. दोन टोकांना जाळी ठेवली की ती हवा वाहती राहते. मात्र चुलीच्या वर असा तट्टा घालू नये. बांबू तीन वर्षांहून कोवळा घेऊ नये, पावसाळा सरल्यावर तोडावा, आणि बोडीच्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवावा, म्हणजे घुणाला आवडणारे पिष्ट निघून जाते. टिकाऊपणा अधिक हवा असेल तर टाकणखार व बोरिक आम्लाच्या द्रावणाचा उपयोग होतो. नागपूरचे वास्तुविशारद विनू काळे यांनी बांबूच्या अभ्यासाला स्वतःला वाहून घेतले होते, आणि त्यांचा ‘वेणुभारती’ हा ग्रंथ या विषयाचा आधार मानला जातो. मेळघाटातील लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने कोरकू तरुणांच्या हातून घरे आणि घरातील सामान घडवून दाखवले. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला शासनाचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. २०१७ मधील वन अधिनियमाच्या दुरुस्तीने वनाबाहेरील बांबू ‘झाडां’च्या व्याख्येतून वगळला गेल्यापासून धुऱ्यावर लावलेला बांबू तोडण्याची अडचणही पुष्कळ दूर झाली आहे. ज्ञान आहे, माल आहे, हात आहेत. या तिहींना एका घरात आणणारा माणूस तेवढा नाही.

कोणी विचारील की घरकुलाचा लाभार्थी रचनाकाराला मोबदला कोठून देणार? त्याने देऊच नये. जिल्ह्यातील अभियंत्याचे वेतन जसे शासन देते, तसाच हा खर्चही जिल्हा परिषदेने उचलावा; आठ तालुक्यांना आठ तरुण रचनाकार एका वर्षाच्या मानधनावर नेमण्याची तजवीज करणे ही काही अशक्य कोटीतील गोष्ट नाही. त्यांनी पहिले दोन महिने नकाशा काढूच नये. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव येथील घरांत बसून कोण कोठे झोपते, धान कोठे ठेवतात, पाणी कोठून येते, सून कोणत्या कोपऱ्यात बसून तांदूळ निवडते हे लिहून काढावे. त्यानंतर बुरूड, सुतार आणि गवंडी यांच्याबरोबर बसून मांडणी ठरवावी. पंचायत समितीच्या आवारात एक नमुना घरकुल आतून पूर्ण करून, माळ्यासह, कोनाड्यांसह, तट्ट्याच्या छतासह उभे करावे, प्रत्येक वस्तूचा खर्च तेथेच दारावर लिहून ठेवावा, आणि ज्या बायकांना त्या घरात राहावयाचे आहे त्यांनी पाहून नापसंत केलेला भाग दुसऱ्या आठवड्यात काढून टाकावा.