आमचा मोती आणि त्याचे सोबती

प्रतिवर्षीं निबंधाच्या तासास ‘माझा आवडता प्राणी’ हा विषय आम्ही वर्गास घालतों, आणि प्रतिवर्षीं निम्म्याहून अधिक वह्यांत कुत्राच येतो. तो इमानी असतो, धन्याच्या घराची राखण करतो, शेंपूट हालवितो, एवढें सांगून निबंध संपतो. कुत्र्यानें आपल्यासाठीं काय करावें याची यादी मोठी असते. आपण त्याच्यासाठीं काय करावें याविषयीं बहुधा एकच ओळ असते: ‘मी त्याला रोज पोळी घालतों.’ त्या ओळीपुढें बरोबरची खूण आम्ही पुष्कळ वर्षें करीत आलों. मागील पावसाळ्यापासून मात्र ती खूण करतांना आमचा हात अडखळतो. तसें कां व्हावें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस सांगावें, एवढ्याचसाठीं हा लेख.

मोती आमचे घरीं आला तेव्हां दीड महिन्याचा होता. आमची धाकटी कन्या त्यास पिठाच्या गिरणीमागील गोणपाटांतून उचलून, पावसांत भिजत घेऊन आली. जात विचाराल तर शुद्ध गांवठी. अंग तांबूस, एक कान उभा, दुसरा पडलेला. पहिल्या रात्रीं त्यानें कोणास झोंपूं दिलें नाहीं. दुसऱ्या रात्रीं तो आमच्या जोड्यावर मान टाकून निजला, आणि तिसऱ्या दिवसापासून घराची शिस्त त्याच्या सोयीनें चालूं लागली. शाळेची शेवटची घंटा झाली कीं तो फाटकाशीं येऊन बसतो. रविवारीं घंटा होत नाहीं, तरी तो वेळ चुकवीत नाहीं. स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडावयाचा नाहीं, हा नियम तो पाळतो. मात्र पुढचे दोन पाय आंत व बाकीचें अंग बाहेर, अशी त्या नियमाची त्याची व्याख्या आहे. दिवाळींत पहिला बार उडतांच तो पलंगाखालीं शिरतो. मुलें हंसूं लागलीं, तेव्हां आम्हीं त्यांस सांगितलें कीं, माणसाच्या कानास सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो, आणि कुत्र्याच्या कानास सुमारें ४५,००० पर्यंतचा. इतक्या तिखट कानाजवळ बार उडविणें हा खेळ नव्हे. तेव्हांपासून आमच्या अंगणांत फटाके उडत नाहींत.

मोतीचा मित्रपरिवार मोठा आहे. शेजारच्या बाईंची पांढरी राणी कुंपणापलीकडून त्याच्याशीं बोलते. तिला आमच्या आळींतील धूळ लागूं नये अशी बाईंची इच्छा, व नेमकी तीच धूळ लागावी अशी राणीची. दुसरा लंगड्या. कोण्या वाहनाखालीं त्याचा मागचा पाय गेला, परंतु उरलेल्या तीन पायांवर तो मोतीस धांवण्यांत हार जात नाहीं. आणि तिसरी काळी. ती गिरणीच्या पायरीवर निजे व सायंकाळीं आमच्या फाटकाशीं येऊन बसे. मोती आपली भाकरी अर्धी खाई आणि उरलेली तोंडांत धरून फाटकाच्या गजांपाशीं नेऊन टाकी. आम्हीं हें प्रथम पाहिलें तेव्हां आमचा विश्वास बसला नाहीं. पुढें तें रोजचेंच झालें. ‘मोतीकडे पाहुणे आले’ असें म्हणून मुलें काळीसाठीं निराळी भाकरी काढूं लागलीं, व दोन वर्षें तो क्रम चालला. घरांतील सर्वांस त्याचें कौतुक होतें.

मोतीस दरवर्षीं पिसाळ रोगाची लस टोचविण्यास आम्ही चुकलों नाहीं. एकदां पशुवैद्यांनीं फाटकाकडे पाहून विचारलें, ‘आणि ती बाहेर बसली आहे ती कोणाची?’ आम्हीं हंसून उत्तर दिलें, ‘ती रस्त्याची.’ त्यांनीं पिशवी बंद केली.

श्रावणांत एके सकाळीं कोठलेंसें अनोळखी कुत्रें आळींतून चावत, धांवत गेलें. त्यानें काळीच्या मानेस दांत लाविले. जखम आठ दिवसांत भरली, आणि ती गोष्ट आम्ही विसरलों. सुमारें दीड महिन्यानंतर काळी फाटकाशीं येईनाशी झाली. गटारावरील फरशीखालीं अंधारांत ती पडून राही. तिचा आवाज पालटला होता, जबडा लोंबत होता, लाळ गळत होती. घशांत हाड अडकलें असावें असें समजून आमच्या कन्येनें दुधांत भिजविलेली भाकरी तिच्या तोंडाशीं नेली. मुलीच्या बोटास बोरीच्या कांट्याचा ताजा ओरखडा होता, व त्यावर लाळ लागली. तिनें घरीं येऊन तें सांगितलें, हें आमचें भाग्य. नळाखालीं साबणानें पंधरा मिनिटें हात धुतला आणि तसेच रुग्णालयांत गेलों. ओरखड्यांत सिद्ध प्रतिपिंडांचें औषध टोचण्यांत आलें व लसीचा क्रम सुरू झाला. काळी तिसऱ्या दिवशीं मेली. मोतीनें तिचें तोंड चाटलें होतें; त्याची लस चालूं होती, तरी त्यास तत्काळ पुन्हां टोचून ४५ दिवस वेगळा बांधून ठेवावें लागलें. ते दिवस घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. मुलगी सुखरूप आहे, मोतीहि सुखरूप आहे. परंतु त्या दिवसांत कन्येनें आम्हांस विचारलें, ‘बाबा, मोतीला सुई दिली, मग काळीला कां नाहीं दिली?’ पंचवीस वर्षें मुलांस प्रश्न विचारणाऱ्या आम्हांस त्या एका प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं.

हा रोग कांहीं आजचा नव्हे, आणि त्यावरील उपायहि आजचा नव्हे. ६ जुलै १८८५ रोजीं फ्रान्समध्यें लुई पाश्चर यांनीं जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर आपली लस प्रथम चालविली व तो मुलगा वांचला. आपल्या देशांत कसौली येथील पाश्चर संस्था १९०० सालीं स्थापन झाली. इतकें असूनहि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें ५९,००० माणसें या रोगानें मरतात, आणि त्यांतील दहांपैकीं चार हीं पंधरा वर्षांखालील मुलें असतात. मुलें कुत्र्यांशीं अधिक खेळतात हें एक कारण; आणि रागावतील या भयानें चावा लपवितात, हें दुसरें. रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर औषध बहुधा चालत नाहीं; तत्पूर्वीं चालतें. म्हणून बालमित्रहो, कुत्र्याचा दांत, नख वा लाळ लागली तर त्याच घटकेस घरीं सांगा. आणि पालकहो, सांगणाऱ्या मुलावर त्या वेळीं रागावूं नका.

आतां रस्त्यावरील कुत्र्यांविषयीं आपल्यांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, सर्व धरून न्या. दुसरा म्हणतो, मुक्या प्राण्यास घास घाला, पुण्य लागेल. आमच्या मतें दोन्ही पक्ष अर्धेच बोलतात. उकिरडा तसाच ठेवून कुत्रीं तेवढीं नेलीं तर रिकाम्या जागीं दुसरीं येतात, आणि तीं बहुधा टोचलेलीं नसतात. उलट, नुसता घास घालणारा त्या प्राण्यास मुलांच्या जवळ आणतो व रोगापासून मात्र दोघांसहि वांचवीत नाहीं. आम्ही या दुसऱ्या पक्षांत होतों. आमचें घर कसें वांचलें तें वर सांगितलेंच. महाभारतांत धर्मराजाच्या मागें गेलेला कुत्रा राजवाड्यांत पाळलेला नव्हता, आपण होऊन मागें चालत आलेला होता; तरी त्यास टाकून स्वर्गांत जाण्यास धर्मराज कबूल झाला नाहीं. आम्हीं मात्र ‘ती रस्त्याची’ म्हणून मोकळे झालों.

कायदाहि याच मध्यम मार्गानें आला आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत कुत्र्यांचें निर्बीजीकरण व लसीकरण सांगितलें असून, अन्न घालण्याची जागा मुलांच्या खेळापासून व दारांपासून दूर असावी असेंहि म्हटलें आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, पिसाळलेलीं व हिंस्र सोडून इतर कुत्रीं टोचून आपापल्या ठिकाणीं परत सोडावीं असें सांगितलें. आणि ७ नोव्हेंबर २०२५ रोजीं, शाळा, रुग्णालयें, बसस्थानकें अशा आवारांतील कुत्रीं मात्र आश्रयस्थानीं हलवावीं, तेथें परत सोडूं नयेत, असा आदेश दिला. शाळेच्या भिंतींच्या आंतील गोष्ट यावरून ठरली. भिंतीबाहेरील आळी आपली आहे.

तेथें काय करावें, तें फार खर्चाचें नाहीं. ज्या कुत्र्यास आपण रोज हातानें घालतों तें आपल्यास ओळखतें व आपल्या हातीं लागतें. पालिकेचीं माणसें जाळें घेऊन धांवतात तेव्हां तें पळतें. आपण हांक मारल्यावर येतें. आळींतील चार घरांनीं वर्षांतून एक दिवस ठरवून आपापलीं ओळखीचीं कुत्रीं पशुवैद्यापुढें उभीं केलीं, तर काम झालें. एखाद्या वस्तींतील शेंकडा ७० कुत्रीं टोचलीं गेलीं म्हणजे रोगाची सांखळी तुटते, असें या विषयांतील जाणते सांगतात. कुत्री नऊ आठवड्यांत विते व वर्षांतून दोनदां विऊं शकते, म्हणून निर्बीजीकरणहि टाळूं नये. आणि घरांत हौसेनें आणलेलें पिल्लूं मोठें झाल्यावर रस्त्यावर सोडूं नये. आज जीं रस्त्यावरचीं म्हणून आपण त्यांस हाकलितों, त्यांपैकीं कित्येकांच्या आया कोणाच्या तरी घरांतूनच बाहेर घालविलेल्या असतात.

लंगड्यास आम्हीं आश्विनांत टोचविलें. त्याच्या कानास आतां निर्बीजीकरणाची खांच आहे, व तीहि त्याच्या तीन पायांस शोभते. शेजारच्या बाईंनीं आपण होऊन गाडी दिली. मोती अजून सायंकाळीं अर्धी भाकरी तोंडांत धरून फाटकाशीं जातो, थोडा वेळ उभा राहतो, आणि मग ती लंगड्यापुढें टाकतो.

यंदाहि निबंधाचा विषय तोच राहील. ‘मी त्याला रोज पोळी घालतों’ या ओळीपुढें यापुढें बरोबरची खूण मिळेल, परंतु तिच्याखालीं तांबड्या शाईनें एक प्रश्न लिहिलेला असेल: ‘त्यास टोचून आणलें काय?’ उत्तर वहींत नको. तें आळींत दिसूं द्या.