खुलताबादला पायी या, मगरिबनंतर या

सध्या शहराशहरांत ‘फूड वॉक’ नावाचा प्रकार रुजला आहे. दहा-पंधरा माणसं एका वाटाड्यामागे चालतात, पाच-सहा ठिकाणी थांबतात, प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं खातात आणि त्या पदार्थाची, त्या गल्लीची गोष्ट ऐकतात. रमजान आला की मुंबईत मोहम्मद अली रोड, मिनारा मशीद आणि बोहरी मोहल्ला या भागात अशा फेऱ्या निघतात. मालपुवा, फिरनी, नळी निहारी, खिरी कबाब असा त्यांचा ठरलेला क्रम असतो.

पण अशा फेरीची खरी गरज मुंबईला नाही. तिथे लोक आपणहून येतात, इतके येतात की रहिवाशांनाच घरी पोचायला वाट मिळत नाही. गरज आहे ती लहान गावांना, जिथे बाहेरचा माणूस गाडीतून उतरतो, एक ठिकाण बघतो आणि पंधरा मिनिटांत पुन्हा गाडीत बसतो. खुलताबाद हे असंच गाव आहे.

छत्रपती संभाजीनगरपासून साधारण 25 किलोमीटरवर, वेरूळच्या लेण्यांपासून चार-पाच किलोमीटरवर, घाटमाथ्यावर हे गाव वसलं आहे. चौदाव्या शतकात दिल्लीहून निजामुद्दीन औलियांचे शिष्य दख्खनेत आले. त्यांपैकी मुंतजिबुद्दीन जर जरी जर बख्श आणि बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे दर्गे इथे आहेत. निजामुद्दीनांची वचनं लिहून ठेवणारे कवी अमीर हसन इथेच विसावले आहेत. मलिक अंबरची कबर इथे आहे, आझाद बिलग्रामींसारख्या विद्वानाची आहे आणि औरंगजेबाचीही आहे. याच गावात निद्रिस्त हनुमानाचं भद्रा मारुती मंदिर आहे. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी तिथे हजारो भाविक रात्रभर चालत येतात.

एवढं सगळं असूनही बाहेरच्या जगाला खुलताबाद ठाऊक आहे ते एकाच कबरीमुळे. 2025 च्या मार्च महिन्यात, ऐन रमजानात, त्या कबरीवरून वाद पेटला आणि गावात बंदोबस्त वाढला. असं काही झालं की सर्वांत आधी फटका बसतो तो चहाच्या टपरीला, फुलांच्या दुकानाला आणि हॉटेलात काम करणाऱ्या पोरांना. त्यांचा त्या वादाशी काडीचा संबंध नसतो, पण गल्ला त्यांचाच रिकामा राहतो. गावाची दुसरी ओळख लोकांच्या मनात आधीपासून असेल तर असा फटका थोडा तरी सौम्य होऊ शकतो. ती ओळख करून द्यायचा एक साधा मार्ग म्हणजे लोकांना गावातून पायी फिरवणं आणि गावात जे शिजतं ते त्यांना खाऊ घालणं.

त्यासाठी काळही अनुकूल आहे. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. येती काही वर्षं तो हिवाळ्यात राहणार आहे. 2030 मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा, असा एकाच वर्षात दोनदा रमजान सुरू होईल. वेरूळला पर्यटकांचा हंगाम असतो तोही हिवाळ्यातच. लेणी सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतात आणि रोजाही सूर्यास्तालाच सुटतो. म्हणजे लेणी पाहून थकलेला, भुकेला प्रवासी ज्या वेळी घाट चढून परत निघतो, त्याच वेळी वरच्या गावात दस्तरखान मांडलेलं असतं. आज तो प्रवासी खिडकीतून ते बघत पुढे जातो.

तो थांबला तर त्याला काय दाखवावं? या परिसराची खासियत म्हणजे नान-खलिया. आंबवलेल्या कणकेचा जाड नान भट्टीच्या भिंतीला लावून भाजतात, वरून पिवळसर हात फिरवतात. हा नान दोन-तीन दिवस सहज टिकतो. खलिया म्हणजे खोबरं आणि मसाल्यांच्या वाटणातला मटणाचा पातळ रस्सा, वर तेलाची लाल तर्री. नानचे तुकडे त्यात बुडवून खायचे. हे मुळात पंगतीचं जेवण. शेकडो माणसं कमी वेळात जेवून उठावीत, म्हणून नान आधी भाजून ठेवता येतो आणि खलिया मोठ्या डेगीत एकदाच शिजतो. लग्न असो, चाळिसावा असो, मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत आजही हाच बेत असतो.

वाटाडे या पदार्थाची गोष्ट हमखास सांगतात. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, त्याच्या फौजेसाठी हे जेवण बनलं आणि ते इथेच राहिलं, अशी ती गोष्ट. ऐकायला छान आहे. पण चांगल्या वाटाड्याने त्यापुढची गोष्टही सांगायला हवी. लाल तर्री ज्या मिरचीची, ती मिरची भारतात आली पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात. म्हणजे तुघलकाच्या शिपायांनी खाल्लं असेल ते जेवण आणि आज ताटात येतं ते जेवण एकच असणं शक्य नाही. मधल्या काळात दख्खनच्या चुलीने त्यात आपलं खोबरं घातलं, आपला तिखटपणा घातला. बाहेरून आलेलं इथलं कसं होत जातं, हे एका वाटीत दाखवता येतं. राजा-सुलतानांच्या नावावर पदार्थ विकणं सोपं असतं, पण ज्या बावर्चींनी आणि घरच्या बायकांनी तो घडवला त्यांचं श्रेय त्यात हरवून जातं.

अशी फेरी म्हणजे नुसता मटणाचा दौरा होता कामा नये. वेरूळला आणि भद्रा मारुतीला येणाऱ्यांत शाकाहारी माणसं खूप असतात. इफ्तारच्या ताटातलं निम्मंअधिक त्यांना चालणारं असतं. खजूर, कापलेली फळं, उकडलेले चणे, कांदाभजी, दहीवडे, सरबत. रोजा सुटतो तो खजूर आणि पाण्यावर; कबाब वगैरे सगळं त्यानंतरचं. हे कळलं तरी ‘रमजान म्हणजे मांसाहाराचा महिना’ हा अनेकांच्या डोक्यात बसलेला समज बराचसा सैल होईल.

आणि फेरीत दिसावेत ते राबणारे हात. भट्टीसमोर उभा राहून नान लावणारा कारागीर अनेकदा स्वतः रोजेदार असतो. सहेरी करून तो दुपारपासून आगीशेजारी उभा असतो, घशाखाली पाण्याचा घोट नसतो. डेगीवरचा बावर्ची दिवसभर शिजवतो, पण बहुतेक वेळा चव न घेताच. मिठाचा अंदाज वासावरून आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने बांधायचा. खाणाऱ्याला हे माहीत असलं की घासाची किंमत वेगळी वाटते.

या कल्पनेला गावातूनच एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. रमजान हा इबादतीचा महिना, त्याचा बाजार का मांडायचा? मुंबईचा अनुभव हा आक्षेप खरा ठरवतो. तिथे काही रात्री नमाजला निघालेल्या माणसाला सेल्फी काढणाऱ्यांच्या गर्दीतून अंग चोरून जावं लागतं. पण दुसरी बाजूही पाहायला हवी. कितीतरी छोट्या गाड्या वर्षात फक्त याच महिन्यात लागतात आणि त्या कमाईवर घरातली ईद होते. बाजार आहेच. प्रश्न एवढाच की त्यात पाहुण्यांना कोणत्या शिस्तीने आणायचं.

ती शिस्त गावाने स्वतः ठरवावी. फेरी दिवसा नको, कारण त्या वेळी हॉटेलांवर पडदे असतात आणि उपाशी माणसांमधून खात फिरणं कुणालाच शोभत नाही. पाहुण्यांनी अजानपर्यंत थांबावं, मगरिबची नमाज होऊ द्यावी आणि मग निघावं. ईशाच्या अजानपर्यंत तास-सव्वा तास मिळतो, लहान गावाला तो पुरेसा आहे. बुऱ्हानुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराजी यांचे दर्गे तर रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. एका वेळी दहा-बाराहून जास्त माणसं नकोत. रोजा सोडणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये, विचारल्याशिवाय कुणाचाच फोटो काढू नये. रमजानचे शेवटचे दहा दिवस, ज्यांत शब-ए-कद्रच्या रात्री येतात, फेरी पूर्ण बंद ठेवावी.

आणखी एक गोष्ट. मशिदीत मांडलेली इफ्तारी हा फेरीतला ‘थांबा’ होऊ नये. ती मोहल्ल्यातल्या घराघरांतून आलेली असते. वाटसरूला तिथे प्रेमाने बसवतात, कारण रोजेदाराला किंवा मुसाफिराला खाऊ घालण्यात बरकत मानतात. त्या आदरातिथ्याची पावती फाडून कुणी पैसे घेऊ लागला, तर पुढच्या वर्षी त्याच ताटाकडे लोक संशयाने बघतील. बोलावणं आलं तर पाहुणा म्हणून जावं. तिकिटाच्या हिशेबात ते धरू नये.

पैशाचाही प्रश्न आहे. मोठ्या शहरातली एखादी कंपनी येऊन फेरी काढणार, फी तिच्या खात्यात जाणार आणि भट्टीवाल्याला चार नानचे पैसे मिळणार, असं असेल तर गावाच्या हाती काही लागत नाही. वाटाड्या गावातलाच हवा. वेरूळला विदेशी भाषा बोलून पोट भरणारे वाटाडे तयार झाले, मग खुलताबादची शिकलेली मुलं-मुली आपल्याच गल्ल्या का दाखवू शकणार नाहीत? नगर परिषद आणि पर्यटन विभागाने त्यांना थोडं प्रशिक्षण आणि ओळखपत्र दिलं तरी सुरुवात होईल. महिलांच्या बचत गटांना समोसे, शेवया, चटण्या यांची मागणी आगाऊ द्यावी आणि पैसेही आगाऊ द्यावेत. सहेरी आणि इफ्तार अशा दोन चुली सांभाळणाऱ्या बाईवर फुकटचं तिसरं काम पडू नये.

फेरी रमजानपुरतीच ठेवण्याचंही कारण नाही. उरलेले अकरा महिने गाव तिथेच असतं, भट्टी पेटलेली असते. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला चालत येणाऱ्यांसाठी चहा-फराळाची वेगळी फेरी आखता येईल, सीताफळाच्या हंगामात वेगळी. दोन्हींचा वाटाड्या एकच असेल तर उत्तमच.

अशाने कुठला वाद मिटणार नाही, तसा दावाही कुणी करू नये. पण गावातून तासभर पायी चाललेल्या माणसाला एखाद्या हॉटेलवाल्याचा चेहरा आठवतो, भट्टीचा वास आठवतो, कुणीतरी हातावर ठेवलेला खजूर आठवतो. पुढे कधी खुलताबादचं नाव बातमीत आलं, तर तो निदान विचारेल, “तिथली ती भट्टी चालू आहे ना?”