दुरुस्ती झाली, पोहोचली किती?

साध्या वापरकर्त्याला संगणकाचा सर्वाधिकारी होऊ देणारी एक चोरवाट ‘लिनक्स’ या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, निदान २००७ पासून उघडी होती. ती बुजवली गेली ऑक्टोबर २०१६ मध्ये. ‘डर्टी काऊ’ या नावाने हा दोष गाजला.

त्याचे स्वरूप कचेरीत काम केलेल्या कोणालाही उमगेल. मूळ दस्तऐवज वाचण्याची मुभा आहे, पण त्यावर लिहिण्याची नाही. ज्याला लिहायचे असेल त्याला गाभ्याने नक्कल काढून द्यावी, असा दंडक. लबाड प्रोग्रॅम एकीकडे लिहिण्याची मागणी करी आणि त्याच क्षणी दुसरीकडून ‘नक्कल नको’ असे कळवी. हा खेळ पुनःपुन्हा खेळला की केव्हातरी गाभ्याची गफलत होई आणि लेखणी मूळ दस्तऐवजावरच चाले. वापरकर्त्यांची नोंदवहीच अशी बदलता आली, की कारकुनाच्या हाती साहेबांचा शिक्का आलाच.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्येच यावर उपाय केला होता. आयबीएमच्या एका जातीच्या मोठ्या यंत्रांवर त्याने अडचण आली, म्हणून तो मागे घेण्यात आला. धोका तेव्हा केवळ तात्त्विक वाटत होता. अशी प्रकरणे केवळ सरकारी कचेऱ्यांतच फायलीत पडून राहतात असे नव्हे!

तज्ज्ञांची चूक एक वेळ क्षम्य मानता येईल. त्यानंतर जे घडले ते मानता येणार नाही. अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच. दुरुस्ती उपलब्ध होऊन जवळजवळ वर्ष लोटल्यावर, सप्टेंबर २०१७ मध्ये, याच चोरवाटेने फोनचा ताबा घेणारा ‘झेडनियू’ हा घातक प्रोग्रॅम ट्रेंड मायक्रो या कंपनीने उजेडात आणला. फसव्या ॲपच्या रूपाने तो फोनमध्ये शिरे. त्याची झळ लागलेल्यांत चीन आणि भारतातील लोकच बहुसंख्य होते. दुरुस्ती फोनपर्यंत नेणे उत्पादकाच्या हाती असते, आणि फोन जुना झाला की उत्पादकाचा त्यातील रस आटतो. फोनचा मालक मात्र त्याच फोनवरून बँकेचे व्यवहार करीत राहतो.

सुरक्षा-दुरुस्त्या किमान किती काळ देणार, हे उत्पादकाने जाहीर करणे ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून बंधनकारक आहे. आपल्याकडे औषधाच्या वेष्टनावर मुदत छापावीच लागते. फोनच्या खोक्यावरही उत्पादनाच्या महिन्याशेजारी दुरुस्त्यांची अखेरची तारीख, तितक्याच ठळक अक्षरांत, छापणे केंद्र सरकारने सक्तीचे करावे; आणि त्या तारखेपूर्वीच हात वर करणाऱ्या कंपनीकडून ग्राहकाला भरपाई मिळावी.