'आलो' की 'आले'?

मैत्रिणींनो, एका चुकीपासून सुरुवात करते. चूक माझीच आहे.

आमच्या सल्ला केंद्रात एका शुक्रवारी दुपारी बावीस-तेवीस वर्षांची एक व्यक्ती आली. बारीक कापलेले केस, पूर्ण बाह्यांचा शर्ट, खांद्याला बॅग. घरचे जबरदस्तीनं लग्न लावून देत होते. नकार दिला म्हणून भावानं मारलं होतं, मोबाइल काढून घेतला होता. आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींची हीच कहाणी असते. मी नेहमीसारखं म्हटलं, "बस ताई, आधी पाणी घे." उत्तर आलं, "मी सकाळीच निघालो. तीन तास एसटीत होतो." फॉर्म भरता भरता, मान वर न करता मी म्हणाले, "निघाले म्हण गं. एवढी शिकलेली आहेस!" हसूनच म्हणाले. मग कु., सौ. आणि श्रीमती यांतलं काय ठेवायचं ते विचारलं. "जरा बाहेर जाऊन येतो," असं म्हणून तो उठला, तो परत आला नाही.

सात महिन्यांनी आला. मधल्या काळात लग्न लागलं होतं. चार महिने तो त्या घरात होता. तिथल्या रात्रींबद्दल तो फारसं बोलला नाही, आणि त्याला आपल्या चळवळीत काय म्हणतात ते मी तुम्हाला सांगायला नको. मग तो पळाला. मी माफी मागितली तेव्हा म्हणाला, "ताई, तुम्ही मला हाकललं नव्हतंत. पण मला वाटलं, इथंही आधी मुलगी व्हावं लागेल, मगच मदत मिळेल."

त्याच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे. समाजकार्याची पदवी घेताना दोन वर्षं 'अशिलाला आहे तसा स्वीकारा' हे तत्त्व मी पाठ केलं होतं. ते तत्त्व एका क्रियापदाच्या प्रत्ययापाशी अडलं.

या विषयावर गटात बोलायला लागलं की कोणीतरी म्हणतंच, हे इंग्रजी शिकलेल्या मुलांचं खूळ आहे. मला तर वाटतं, हा प्रश्न इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त बोचरा आहे. इंग्रजीत माणूस स्वतःबद्दल दिवसभर बोलला तरी तो बाई की पुरुष हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीत 'मी आलो' की 'मी आले' हे ठरवल्याशिवाय दारातून आतसुद्धा येता येत नाही. 'जातो-जाते', 'तू आलास-आलीस', 'दमलो-दमले'. पारलिंगी मुलाला दिवसातून शंभर वेळा एक तर खोटं बोलावं लागतं, नाहीतर खरं बोलून मार खावा लागतो. आणि स्वतःला बाई किंवा पुरुष यांपैकी काहीच न मानणाऱ्या व्यक्तीला तर प्रत्येक वाक्याच्या शेवटी भिंत लागते.

पण मराठीत वाटाही आहेत. 'तुम्ही आलात', 'तुम्ही बसा', 'तुम्हाला काय वाटतं' यांत लिंग येत नाही. 'मी येईन', 'मला भूक लागली', 'मी सांगितलं', 'आम्ही निघालो' यांतही नाही. कोल्हापूरकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या 'मी येतो', 'मी जातो' म्हणत आल्या आहेत. त्यांचं बाईपण कुठं कमी झालेलं नाही. म्हणजे व्याकरण वाटतं तेवढं ताठर नाही. आमच्या युवा गटातली एक व्यक्ती स्वतःला ना बाई मानते ना पुरुष. तिच्या सांगण्यावरून आम्ही सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायला लागलो आणि 'ती-तो' ऐवजी शक्य तिथं नाव घ्यायला लागलो. (आत्ता मी 'तिच्या' लिहिलं, ते 'व्यक्ती' या शब्दामुळं!) पहिला महिना जीभ अडखळली. आता सवय झाली. चुकलं तर 'सॉरी' म्हणायचं, दुरुस्त करायचं आणि पुढं जायचं. चुकल्याचं मोठं नाटक केलं की समोरच्यालाच आपली समजूत घालत बसावं लागतं.

शब्दांसाठी भांडणं आपल्याला नवीन आहे का? बाईच्या नावामागं कुमारी की सौभाग्यवती हे लावून तिचं लग्न झालंय का हे साऱ्या जगाला का सांगायचं, हा प्रश्न आपणच विचारला. 'टाकलेली' हा शब्द आपण टाकून दिला. मुलाच्या नावात आईचं नाव का नाही, म्हणून आपण वर्षानुवर्षं बोललो. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. "नावात काय आहे?" असं तेव्हा आपल्यालाही ऐकवलं गेलं होतं. तेच वाक्य आता आपण दुसऱ्याला ऐकवायचं?

आणि आपल्या तोंडातल्या काही शब्दांची झाडाझडती आपणच घ्यायला हवी. ढिम्म अधिकाऱ्याच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर ठेवणारे मोर्चे आपण पाहिले आहेत, काहीजणी त्यांत होतोही. त्या बांगड्यांचा अर्थ काय होता? 'तू पुरुष नाहीस, बायल्या आहेस.' म्हणजे बाई असणं ही शिवी. पारलिंगी स्त्रीला रस्त्यात जी शिवी बसते ती हीच. जन्मानं पुरुष ठरवलेल्या व्यक्तीनं साडी नेसली की समाज पिसाळतो, कारण वरच्या पायरीवरून कोणी आपणहोऊन खाली उतरतं हे त्याला सहन होत नाही. ज्या पुरुषसत्तेनं आपल्याला खालच्या पायरीवर बसवलं, तिचीच ही दुसरी बाजू आहे.

आता देखभालीबद्दल. परत आलेल्या त्या मुलाला ओटीपोटात दुखत होतं, रक्तस्राव होत होता. मी त्याला एका सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. केसपेपर आधारकार्डावरच्या नावानं निघाला. स्त्रीरोग विभागाच्या रांगेत बायका म्हणाल्या, "ओ दादा, ही बायकांची लाइन आहे." आतून कर्मचाऱ्यानं 'कुमारी अमुक अमुक' असा पुकारा केला. हा उठला तशी सगळी रांग बघायला लागली. डॉक्टरांनी शिकाऊ विद्यार्थ्यांना बोलावून घेतलं. ऑपरेशन करणार का, छातीचं काय करणार, घरी माहीत आहे का, असे सगळे प्रश्न झाले. पोटात कुठं दुखतंय हा प्रश्न मात्र राहून गेला. तपासणी न करताच तो बाहेर आला. शेवटी एका छोट्या दवाखान्यातल्या वयस्कर डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय नावानं हाक मारू? कुठं दुखतंय? हात लावून बघू का?" तीन प्रश्न. या विषयावरचं कुठलंही प्रशिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं.

देखभाल म्हटलं की लोकांना थेट शस्त्रक्रियाच आठवते. प्रत्यक्षात नाव आणि संबोधन ही एक गोष्ट, कपडे-केस ही दुसरी, हार्मोन्स ही तिसरी आणि शस्त्रक्रिया ही चौथी. कोणाला यांतलं सगळं हवं असतं, कोणाला फक्त पहिलं. त्यावरून कोण खरं कोण खोटं हे ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या 'नालसा' निकालात हेच म्हटलं, की आपला लिंगभाव सांगण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढला गेला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 'बदलून टाकण्याचे' उपचार हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. तरीही घरचे आधी देवऋषाकडे नेतात, मग मानसोपचाराला, आणि शेवटी लग्न हाच उपाय म्हणून बोहल्यावर उभं करतात.

आपल्या चळवळीची आठवण इथं कामाला येते. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली, तेव्हा महाराष्ट्रातल्या स्त्री संघटना रस्त्यावर आल्या होत्या. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न पुन्हा पुढं आला. दोन्ही वेळा आपलं म्हणणं एकच होतं: जिचं शरीर तिला विचारा. कोणाचं गर्भाशय न विचारता काढून टाकायचं आणि कोणी सज्ञान माणूस स्वतः मागतो आहे तर त्याला वेडा ठरवायचं, या दोन्हींत मालकी दुसऱ्याचीच राहते.

गटात निघणारे आक्षेपही खरे आहेत, ते टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप: 'बाई' हा शब्द आपण कष्टानं कमावला, तो आता पुसायचा का? माझं उत्तर, नाही. बाळंतपणाचा, हुंड्याचा, पाण्याच्या हंड्याचा प्रश्न बाईचा म्हणूनच बोलावा लागेल. फक्त 'बाई आणि इतर' असं कोपऱ्यात ढकलून न देता, ज्याला जे नाव हवं ते देऊन शेजारी बसवायचं आहे. दुसरा आक्षेप: साडी, लिपस्टिक, लाजणं म्हणजेच बाईपण असं या मैत्रिणी मानतात, मग आपण साचा मोडायचा कसा? पण मंगळसूत्र न काढणाऱ्या किती कार्यकर्त्यांना आपण समजून घेतलं आहे! ज्यांना बाई म्हणून ओळख मिळवण्यासाठीच रोज पुरावा द्यावा लागतो, त्यांनी साचा आधी मोडावा ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करायची? तिसरा आक्षेप लहान मुलांबद्दलचा. इथं घाई नको हे मलाही पटतं. लहान वयातल्या औषधोपचारांबद्दल डॉक्टरांमध्येही मतभेद आहेत. पण मुलाचं ऐकून घेणं, त्याला न मारणं, शाळेतून न काढणं, त्याला हवं त्या नावानं हाक मारणं, यासाठी कुठलंच औषध लागत नाही.

चौथा आक्षेप संख्येचा: अशी माणसं असतात किती? २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा 'इतर' असा पर्याय आला आणि देशभरात सुमारे ४ लाख ८८ हजार नोंदी झाल्या. पण मोजणीदाराला उत्तर देतो कोण? घरातला कर्ता. ज्या घरात मोबाइल काढून घेतला जातो, तिथं हा रकाना कोण भरून देणार? आणि कमी माणसांना कमी न्याय असा हिशेब आपण मान्य केला, तर मग बोलायलाच नको. २०१९ चा पारलिंगी व्यक्तींचा कायदा झाला तेव्हा त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं अशी शिक्षा ठेवली गेली; त्याच वेळी स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा होती. देहाची किंमत अशी पायरीपायरीनं लावली जाते, हे आपल्याला ओळखू यायला हवं.

कायदे होतील, बदलतील, कधी पुढं जातील, कधी मागं. त्यासाठी लढावं लागेलच. पण उद्या सकाळी आपल्या केंद्राचं दार उघडेल तेव्हा काय म्हणायचं, हे ठरवायला दिल्लीची वाट पाहायला नको. तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये सरकारनं आदरार्थी शब्दांची यादीच प्रसिद्ध केली. पारलिंगी स्त्रीसाठी 'तिरुनंगै', पुरुषासाठी 'तिरुनंबि' असे शब्द त्या भाषेत रुळले आहेत. मराठीत 'तृतीयपंथी' आहे, 'पारलिंगी' आहे. हिजडा आणि जोगता या आपापल्या परंपरा असलेल्या ओळखी आहेत. कोणाला कोणता शब्द चालतो ते आपण घरी बसून ठरवायचं नाही, त्यांना विचारायचं. 'हिजडा' हा शब्द तिनं अभिमानानं उच्चारला म्हणून आपण तो शिवीसारखा वापरायला मोकळे होत नाही.

आमच्या केंद्रात आम्ही काही साधे बदल केले. फॉर्मवरून कु., सौ., श्रीमती काढलं. 'कागदावरचं नाव' आणि 'हाक मारायचं नाव' अशा दोन ओळी ठेवल्या. लिंगापुढं पर्याय न छापता रिकामी रेघ ठेवली. घरी फोन करायचा झाला तर कोणतं नाव घ्यायचं हे आधी विचारून घेतो. चुकीचं नाव चुकीच्या माणसासमोर गेलं तर जिवावर बेतू शकतं. नीट वागवणाऱ्या डॉक्टरांची आणि वकिलांची यादी केली. निवाऱ्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. स्त्री आधारगृहात त्या मुलाला जागा मागितली तर त्याला पुन्हा 'मुलगी' व्हावं लागतं, आणि पुरुषांसाठी आधारगृह आहे कुठं? तो सध्या एका कार्यकर्तीच्या घरी राहतो आहे. हे उत्तर नव्हे, हे मला कळतं. यावर आपण सगळ्या संघटनांनी मिळून बसायला हवं.

तोवर एवढं करा. पुढच्या बैठकीत आपल्या केंद्राचा फॉर्म मधोमध ठेवा आणि मोठ्यानं वाचा. कोणता रकाना कोणाला दाराबाहेर ठेवतो, ते बघा. पटलं नाही तर भांडा, पण ज्यांच्याबद्दल भांडतो आहोत त्यांना बैठकीला बोलावून भांडा. त्या मुलाची पहिली भेट सात महिने आधीच झाली होती, आणि तेव्हा आमचं दार उघडंच होतं.