आधी हप्ता मोजा, मग सही करा

एका रविवारी सकाळी आमच्या वस्तीतले एक गृहस्थ मुलीला घेऊन आमच्या घरी आले. ते गोदामावर रखवालदार, बायको चार घरची धुणीभांडी करते. मुलगी बारावी सायन्स झाली आहे आणि तिला नर्सिंगला जायचे आहे. त्यांच्या हातात एका खासगी कॉलेजचा फॉर्म होता. तो आणून देणाऱ्या एजंटाने सांगितले होते की सीट मॅनेजमेंटची आहे, फी बँक भरील, नोकरी शंभर टक्के लागेल आणि कर्ज मुलगीच फेडील. गृहस्थ म्हणाले, "भाऊ, सही कुठे करायची तेवढे दाखवा."

आम्ही म्हटले, "बसा, चहा घ्या. सहीच्या आधी थोडे गणित करू."

वाचकहो, तेच गणित आज आपल्यापुढे मांडत आहोत. कारण बारावीचा निकाल लागला की असे फॉर्म प्रत्येक वस्तीत फिरतात.

बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. वसतिगृहासह वर्षाला दीड लाख धरू. चार वर्षांचे सहा लाख झाले. व्याज दहा टक्के धरू. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष बँक हप्ता मागत नाही. पण व्याज थांबत नाही. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचे व्याज ७५,०००, दुसऱ्यावर ६०,०००, तिसऱ्यावर ४५,००० आणि चौथ्यावर ३०,०००. एकूण २,१०,०००. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी डोक्यावर सहा नव्हे, आठ लाख दहा हजार असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,७०० रुपये येतो.

आता पगार किती? २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीने शिफारस केली की पन्नास खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयानेसुद्धा परिचारिकेला महिना २०,००० पेक्षा कमी देऊ नयेत. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. अनेक लहान नर्सिंग होममध्ये नव्या मुलीच्या हातात त्याहून कमी पडतात. तरी आपण वीस हजारच धरू. हप्ता गेल्यावर उरले ९,३००. त्यात खोलीभाडे, जेवण, बसभाडे भागवायचे आणि घरी काय पाठवायचे? असे दहा वर्षे.

गृहस्थ गप्प झाले. मुलगी म्हणाली, "काका, सरकारी नोकरी लागली तर?"

प्रश्न रास्त आहे. राज्य शासनात अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होते, वर महागाई भत्ता. तेवढ्यात हा हप्ता बसतो. पण भरती दरवर्षी निघत नाही आणि निघाली तरी जागांपेक्षा उमेदवार कितीतरी जास्त असतात. जी नोकरी अजून हातात नाही, तिच्या पगारावर कर्ज काढू नये. खासगी पगारावर फिटेल एवढेच कर्ज काढावे. मग सरकारी नोकरी लागली तर दुधात साखर.

आमचा साधा ठोकताळा असा आहे: पहिला हप्ता सुरू होताना जेवढे देणे असेल, ते पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नसावे. वीस हजारांप्रमाणे वर्षाचे २,४०,००० होतात. आठ लाख दहा हजार म्हणजे त्याच्या तिपटीहून अधिक.

आता दुसरा रस्ता पाहू. जीएनएम तीन वर्षांचे. वर्षाला पन्नास हजार खर्च धरला तर कर्ज दीड लाख आणि व्याजासह १,९५,०००. पाच वर्षांचा हप्ता सुमारे ४,१५० येतो. राज्याच्या अधिपरिचारिका भरतीला जीएनएमही चालते आणि बीएस्सीही. पुढे डिग्री हवी असेल तर जीएनएमनंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी आहेच. एकेक पायरी चढता येते.

मग डिग्री करूच नये काय? आमचे तसे म्हणणे नाही. एम्सच्या भरतीत बीएस्सी झालेली मुलगी थेट बसू शकते, जीएनएमवालीला मात्र दोन वर्षांचा अनुभव लागतो. एमएस्सी करून शिक्षिका व्हायचे तरी डिग्री हवी. प्रश्न डिग्रीचा नाही, ती कोणत्या भावाने मिळते याचा आहे. शासकीय कॉलेजची जागा मिळाली तर तीच डिग्री थोडक्यात होते. खासगी कॉलेजात शासनाच्या प्रवेशप्रक्रियेतून जागा मिळाली तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास, भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिप आहे. मॅनेजमेंटच्या जागेला या सवलती नाहीत. एजंट नेमके हेच सांगत नाही. म्हणून जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या आधी तयार हवा. सवलत कायद्याने आहे, पण कागदाअभावी दरवर्षी कितीतरी मुले ती गमावतात.

कर्ज घ्यावेच लागले तर काही गोष्टी पाहून घ्या. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागत नाहीत, पण आईबाप सहकर्जदार असतात. मुलीने नाही फेडले तर वसुली आपल्याकडे येते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात आधी चौकशी करा. शिकत असताना जमेल तेवढे व्याज भरत राहा. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, स्वतःचे रुग्णालय आहे का, हे डोळ्यांनी पाहून या. मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन मुलींना गाठून पगार विचारा. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या हवाली करू नका.

बाबासाहेबांनीही शिक्षणासाठी कर्ज काढले होते. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले तेव्हा सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीच्या पगारातून शिल्लक टाकलेली होती, शाहू महाराजांची मदत होती आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपये होते. आधी शिल्लक, मग मदत आणि उरलेल्यापुरते कर्ज, हा क्रम आपणही लक्षात ठेवावा.

त्या दिवशी फॉर्म कोराच परत गेला. निघताना मुलीने आमचा गणिताचा कागद घडी करून जवळ ठेवला. सोमवारी बापाने अर्ध्या दिवसाचा खाडा केला आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत रांग लावली. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली खरी, पण आठ लाखांच्या मानाने ती काहीच नव्हे.