वजनाचे इंजेक्शन रुग्णाला द्या, गिऱ्हाइकाला नको



वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांवरून आपल्याकडे दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. तोंडावर ताबा ठेवला तर इंजेक्शन कशाला हवे? दुसरा म्हणतो, पैसे माझे, शरीर माझे, मला दहा किलो उतरवायचे आहेत, मध्ये पडणारे तुम्ही कोण? या भांडणात जो खरोखर आजारी आहे, त्याची आठवण कुणालाच राहिलेली नाही. ज्याला या औषधाची गरज नाही त्याला ते सहज मिळते आणि ज्याला गरज आहे त्याला ते परवडत नाही. हे चित्र उलटे झाले पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्रक काढले आहे.

पहिल्या तटाला आधी उत्तर देतो, कारण त्यांचे बोलणे आपल्या घराघरांत ऐकू येते. 'खाणे कमी कर, चालायला जा' हे गुडघे झिजलेल्या, रात्री झोपेत श्वास अडकणाऱ्या, साखर वाढलेल्या बाईला वर्षानुवर्षे ऐकवले जाते. तिने ते केलेलेही असते. दीक्षित की दिवेकर, कुणाची आहारपद्धती खरी, हा वाद महाराष्ट्रात रंगला तेव्हा तिने दोन्ही करून पाहिले असेल. पण वजन घटू लागले की शरीर भूक वाढवते आणि ऊर्जेचा खर्च आखडते. ही शरीराची यंत्रणा आहे, तिच्यात चारित्र्याचा प्रश्न नाही. रक्तदाबाच्या रुग्णाला 'मनावर ताबा ठेव, गोळी कशाला' असे आपण म्हणत नाही. जाड माणसाला मात्र म्हणतो, आणि तेही चारचौघांत.

सेमाग्लुटाइड आणि टिरझेपॅटाइड ही ती औषधे. ती आतड्यातून स्रवणाऱ्या एका किंवा दोन संप्रेरकांची नक्कल करतात. पोट सावकाश रिकामे होते आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप लवकर पोचतो. त्यांचा गुण येतो, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरले. नुसती आहार-व्यायामाची साथ आणि खोटे इंजेक्शन मिळालेल्यांचे २.४ टक्के. त्याहून मोलाची याच औषधाची २०२३ ची चाचणी. वजन जास्त, हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आधीच झालेला, पण मधुमेह नाही, अशा १७,६०४ लोकांवर ती झाली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटले. ज्या औषधाने माणसे वाचतात त्याला चोचले म्हणणे हा त्या माणसांवर अन्याय आहे.

आता दुसरा तट. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या त्याच चाचणीतल्या काही लोकांचा औषध थांबवल्यावर वर्षभर पाठपुरावा केला गेला. उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले होते. म्हणजे हे दीर्घकाळ घ्यायचे औषध आहे. तीन महिन्यांचे 'पॅकेज' म्हणून ते विकणारा माणूस एक तर अडाणी आहे किंवा खोटे बोलतो आहे.

आणि हे पॅकेज पोचले आहे कुठे? लग्नघरात. स्थळाच्या जाहिरातीत 'सडपातळ' हा शब्द आपण पिढ्यान् पिढ्या छापत आलो. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीचे शिक्षण विचारायच्या आधी तिची जाडी नजरेने मोजली जाते. साखरपुडा ठरला की दागिने, शालू, मेकअपवाली यांच्या यादीत आता इंजेक्शनही आले आहे. चोवीस-पंचवीस वर्षांची, साखर नॉर्मल, रक्तदाब नॉर्मल, फक्त अंगाने भरलेली मुलगी. तिला कुणीतरी दुकानातून इंजेक्शनचे पेन आणून देते आणि मात्रा किती घ्यायची ते मैत्रीण सांगते. मात्रा हळूहळू चढवायची असते. सेमाग्लुटाइडची ०.२५ मिलिग्रॅमपासून पूर्ण २.४ पर्यंतची पायरी चढायला सोळा आठवडे लागतात. लग्न दीड महिन्यावर आले म्हणून उडी मारली तर उलट्या, जुलाब आणि थकवा पदरात पडतो. क्वचित पित्ताचे खडे किंवा स्वादुपिंडाची सूज. एवढे तरी आज थोड्याफार लोकांना ठाऊक आहे. जे तिला कुणीच सांगत नाही ते असे: टिरझेपॅटाइड सुरू केल्यावर आणि दर वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही, दुसरा उपाय वापरावा लागतो. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवायचे असते. नव्याने लग्न होणाऱ्या मुलीसाठी याहून महत्त्वाची माहिती कोणती? ती डॉक्टरने सांगायची असते, आणि या साखळीत डॉक्टर कुठेच नसतो.

आईबापांनो, त्या मुलीला आजार नव्हता. आजार पाहायला आलेल्या लोकांच्या नजरेत होता. त्या नजरेवरचा उपचार तुमच्या मुलीच्या पोटात टोचू नका.

मग गरज कुणाला, हे ठरवायचे कसे? नुसत्या वजनकाट्यावर नाही, आणि याचा सर्वांत ठळक पुरावा पुण्याचाच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. आपण भारतीय दिसायला बारीक आणि आतून चरबीदार असतो. स्नायू कमी, पोटावर मेद जास्त. म्हणून आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह गाठतो. भारतात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत आणि सुमारे ३९ टक्के प्रौढांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आहे, असे आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात दिसले. तेव्हा कंबरेचा घेर मोजा: पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८० ही धोक्याची रेषा. साखर, रक्तदाब, यकृत, मूत्रपिंड तपासा. हे सगळे पाहून डॉक्टरने ठरवावे. शिवाय वजन झपाट्याने उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. ज्यांच्या अंगावर मुळातच स्नायू कमी, त्यांनी डाळ, अंडी, दूध आणि वजन उचलण्याचा व्यायाम यांच्याशिवाय हे औषध घेणे म्हणजे पुढच्या म्हातारपणाची हाडे आताच खिळखिळी करणे.

'एवढी भीती कशाला घालता?' असे कुणी विचारील. वजनाच्या औषधांचा इतिहास वाचा. अमेरिकेत 'फेन-फेन' नावाच्या जोडगोळीतले फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा बिघडवते म्हणून १९९७ साली बाजारातून काढावे लागले. रिमोनाबँटने लोकांना नैराश्य आले. युरोपात २००८ मध्ये ते थांबवले गेले. सिब्युट्रामिन तर आपल्याकडेही विकले जात होते. हृदयाला धोका म्हणून जगभर मागे घेतल्यावर भारतानेही त्यावर बंदी घातली. आजची औषधे त्यांच्यापेक्षा पुष्कळ बरी आहेत, असे आमचे मत आहे. पण प्रत्येक वेळी धोका उशिरा कळला, आणि बाधा झालेल्यांत निव्वळ हौसेने घेणारेही होते.

कायदा आपल्या बाजूने आहे. ही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. आक्षेपार्ह औषध-जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याच्या यादीत लठ्ठपणाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यावर औषधाने उपचार करतो अशी जाहिरात करणे गुन्हा आहे. तरीही व्यायामशाळा, ब्युटी पार्लर आणि 'स्लिमिंग सेंटर' यांच्या फलकांवर काय लिहिलेले असते, ते रस्त्याने जाताना स्वतःच वाचा.

आणि आता पैशाचे. मार्च २०२५ मध्ये माउंजारो, म्हणजे टिरझेपॅटाइड, भारतात आले तेव्हा सर्वांत कमी मात्रेची कुपी ३,५०० रुपयांना होती, दर आठवड्याला एक, महिन्याचे १४,०००. जूनमध्ये आलेल्या वेगोव्हीचा, म्हणजे सेमाग्लुटाइडचा, महिना १७,३४५ रुपयांपासून सुरू होत होता. ज्या चालकाला, ज्या भाजीवालीला मधुमेह, लठ्ठपणा आणि हृदयविकार तिन्ही आहेत, त्यांनी हे कुठून आणायचे होते? मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचे भारतातील पेटंट संपले. देशी कंपन्यांना ते बनवायची, आणि म्हणून भाव उतरायचीही, वाट मोकळी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आणि लठ्ठपणाही असलेल्या मधुमेही रुग्णांसाठी ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले आहे. तेव्हा राज्य सरकारने आपल्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणामार्फत ते घाऊक भावात घ्यावे आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मधुमेह व हृदयरोग विभागांत, ठरलेल्या निकषांवर, मोफत द्यावे. भाव उतरल्याचा फायदा आधी ससून आणि जेजे या सरकारी रुग्णालयांच्या रांगेतल्या रुग्णाला मिळाला पाहिजे. पार्लरच्या गिऱ्हाइकाला नंतरही नको.

औषधविक्रेते बंधूंनो, चिठ्ठी पाहिल्याशिवाय पेन देऊ नका. डॉक्टरांनो, तपासल्याशिवाय चिठ्ठी लिहू नका, आणि औषध कसे व कधी थांबवायचे तेही पहिल्याच भेटीत सांगा. आणि वाचकहो, तुमच्या घरात कुणी हे इंजेक्शन घेत असेल तर आजच विचारा: लिहून कुणी दिले, तपासण्या कोणत्या झाल्या, पुढची भेट कधी आहे? उत्तर मिळाले नाही तर त्यांना घेऊन डॉक्टरकडे जा, आणि ज्याने चिठ्ठीविना विकले त्याची लेखी तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करून पोच घ्या.