उसना प्रकल्प, खरी पदवी?

सत्र संपत आले की महाविद्यालयांच्या परिसरातील झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी उसळते. ती केवळ टिपणांच्या प्रती काढण्यासाठी नसते. गतवर्षीच्या विद्यार्थ्याचा प्रकल्प मिळवायचा, मुखपृष्ठावरील नाव बदलायचे, स्पायरल बाइंडिंग करायचे आणि ‘सबमिशन’ उरकायचे, हा व्यवहार आता कोणाला खटकेनासाच झाला आहे. अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत काचेखाली दिवा लावून दुसऱ्याचे ड्रॉइंग उतरवून घेण्याला तर ‘जीटी मारणे’ असे लाडके नाव पडले होते. संगणक आला, तशी काच आणि दिवा दोन्ही मागे पडले. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी अवतरल्यापासून उतरवून घेण्याचे श्रमही उरले नाहीत.

परीक्षेच्या दालनात चिठ्ठीसह सापडलेल्या विद्यार्थ्याकडे समाज अपराधी म्हणून पाहतो. परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्रात १९८२ पासून आहे. मात्र तोच विद्यार्थी दुसऱ्याचे चाळीस पानी लेखन स्वतःच्या नावावर खपवतो, तेव्हा आपली सद्सद्विवेकबुद्धी गाढ झोपी गेलेली असते. एका चिठ्ठीला शिक्षा आणि संपूर्ण प्रकल्पाच्या चोरीला उत्तम शेरा, हा कोणता न्याय?

या विसंगतीचे मूळ केवळ विद्यार्थ्यांच्या आळसात नाही. प्रकल्प कोणी वाचत नाही, हे विद्यार्थ्याला पक्के ठाऊक असते. पर्यावरण अभ्यासाचेच उदाहरण पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला आणि शंभरपैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी राखून ठेवले. विद्यार्थ्याने नदीकाठी जावे, बाजारातील कचरा पाहावा, उजाड टेकडी पायांखाली घालावी, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात ‘जलप्रदूषण’ नावाची एकच फाईल वर्षानुवर्षे हातोहात फिरत राहिली. एकेका प्राध्यापकापुढे शेकडो फायलींचा ढीग असेल, तर गुण मजकुरावर पडणार की फाईलच्या जाडीवर? न वाचण्यासाठीच मागवलेले लेखन न लिहिताच दिले जाते.

आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध स्वतंत्र विनियम केले. त्यांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित लेखन द्यावे लागते. ४० ते ६० टक्क्यांसाठी ते सादर करण्यास एक वर्ष बंदी आणि त्यापुढे थेट नोंदणी रद्द, अशी ही उतरंड आहे. व्यवस्था स्वागतार्ह आहे. परंतु याच विनियमांच्या व्याख्येतून गृहपाठ, सत्रनिबंध, प्रकल्प-अहवाल आणि उत्तरपत्रिका वगळण्यात आल्या आहेत! म्हणजे तीन वर्षे ज्या सवयीला कोणी हरकत घेतली नाही, तीच सवय संशोधनाच्या दारात अकस्मात अपराध ठरते. रोपटे वाढू द्यायचे आणि वृक्षावर कुऱ्हाड चालवायची, यातून काय साधणार?

शिवाय टक्केवारी मोजणारे यंत्र शब्दांचे साम्य पाहते. विचारांची चोरी त्याला सहजी दिसत नाही. इंग्रजी ग्रंथातील प्रकरण मराठीत उतरवून स्वतःचे म्हणून दिले, तर ते यंत्राच्या चाळणीतून सहज निसटू शकते. येथे माणसाचीच नजर हवी. याबाबत आपल्या पूर्वसूरींची दृष्टी किती सूक्ष्म होती! राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शब्दहरण आणि अर्थहरण यांचा स्वतंत्र अध्यायांत विचार केला आहे. केवळ प्रतिबिंबासारखी नक्कल आणि जुन्या कल्पनेला नवा देह देणारे ग्रहण यांत त्याने भेद केला. पाणिनीने ‘अष्टाध्यायी’त शाकटायन, गार्ग्य, शाकल्य आदी दहा पूर्वाचार्यांचा नामनिर्देश केला आहे. पूर्वसूरींचे नाव घेतल्याने त्याची थोरवी तसूभरही उणावली नाही. ज्याचे घेतले त्याचे नाव सांगणे ही केवळ पाश्चात्त्य विद्यापीठांची शिस्त नव्हे. ते ऋणस्मरण आहे.

मग महाविद्यालयांनी करावे काय? पहिली पायरी शिकवण्याची आहे. संदर्भ कसा द्यावा, अवतरण कसे घ्यावे, हे अनेक विद्यार्थ्यांना बारावीपर्यंत कोणी सांगितलेलेच नसते. शैक्षणिक सचोटीची तत्त्वे पदवी अभ्यासक्रमातही समाविष्ट करावीत, असे २०१८ चे विनियमच सांगतात. ते कागदावर राहू नये. दुसरी पायरी विषय बदलण्याची. ‘जलप्रदूषण’ हा विषय उतरवता येतो. ‘आमच्या प्रभागातील तीन विहिरींची आजची स्थिती’ हा विषय उतरवण्यासाठी विहिरीपर्यंत जावे लागते. तिसरी पायरी तोंडी परीक्षेची. समोर बसवून दहा मिनिटे प्रश्न विचारले, तर लेखन कोणाचे हे कोणत्याही यंत्राविना उमगते.

शिक्षा चौथ्या पायरीवर यावी. पण ती यावीच. अज्ञानाने संदर्भ गाळणारा आणि पैसे मोजून प्रकल्प विकत घेणारा यांना एकाच मापाने मोजू नये. पहिल्याला समज देऊन पुनर्लेखन करायला लावावे. दुसऱ्याला शून्य गुण द्यावेत आणि त्याची लेखी नोंद ठेवावी. अपराधाची पुनरावृत्ती झाल्यास वर्ष वाया जाण्याची तयारी त्याने ठेवावी. मात्र विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेतल्याविना निर्णय नको. आणि ‘कमवा व शिका’ योजनेतील मुलाला एक न्याय व संस्थाचालकाच्या नातलगाला दुसरा, असे तर मुळीच नको.

प्राध्यापकांनाही आरशात पाहावे लागेल. २००३ मध्ये कुमाऊँ विद्यापीठाच्या कुलगुरूंना संशोधनातील वाङ्मयचौर्याच्या प्रकरणी पद सोडावे लागले होते. पदोन्नतीसाठी पैसे भरून नियतकालिकांत लेख छापून आणणारे आणि बाजारातील गाईड वर्गात उतरवून देणारे शिक्षक विद्यार्थ्यांना कोणत्या तोंडाने सचोटी शिकवणार? आचार्य या शब्दातच आचरण आहे.

आणि आपण पालक? पाचवीतील मुलाची थर्मोकोलची प्रतिकृती वडिलांनी रात्री जागून बनवली किंवा दुकानातून आणली, तेव्हाच पहिला धडा गिरवला गेला. ‘गुण मिळाले ना, मग झाले!’ हे वाक्य मुले विसरत नाहीत. आपापल्या वस्तीत अभ्यासिका, वसतिगृहे चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनीही तेथे जुन्या फायलींची देवघेव होऊ देऊ नये आणि त्याऐवजी मुलांना लिहिते करावे.

या प्रश्नातील सर्वांत मोठी हानी नक्कल करणाऱ्याची नाहीच. उन्हातान्हात हिंडून माहिती जमवणाऱ्या, अडखळत का होईना, स्वतःचे चार परिच्छेद लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला १५ गुण मिळतात आणि शेजारच्या बाकावरील उसन्या फाईलला २२. त्या दिवशी त्याचा प्रामाणिकपणावरील विश्वास डळमळतो. उद्या तोच पुलाचे आराखडे करणार आहे, औषधांची मात्रा ठरवणार आहे, वर्गात उभा राहून शिकवणार आहे. तो विश्वास राखायचा असेल, तर समोर आलेली प्रत्येक फाईल उघडून वाचण्यापासून सुरुवात करावी लागेल.